फुगलेला दस्ता, हललेला नेम

पाऊस लागून आठवडा झाला की घरातलं एखादं दार फुगतं, चौकटीला घासू लागतं आणि सुताराला रंधा घेऊन बोलवावं लागतं. रायफलीचा लाकडी दस्ता असाच फुगला तर नुसता आवाज होऊन भागत नाही, नेमच हलतो.

अमेरिकेतल्या रूगर कंपनीने १९६४ साली १०/२२ नावाची छोटी अर्धस्वयंचलित रायफल आणली. तिचं काडतूस ‘रिमफायर’ जातीचं. ठिणगी पाडणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिनने ती कड चेपली की बार उडतो. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, त्यामुळे खांद्याला धक्का नावालाच. या रायफली लाखोंनी खपल्या आणि त्यांच्यासाठी दस्ते बनवण्याचा वेगळा धंदाच तिकडे उभा राहिला. कारण साधं आहे: सगळी यंत्रणा दस्त्यात एका स्क्रूवर बसते. दस्ता उतरवताना आधी मॅगझीन काढून, नळीत काडतूस नाही याची खात्री करायची. मग स्क्रू सोडवायचा आणि सेफ्टीचं आडवं बटण अर्ध्यावर आणायचं. तसं केलं नाही तर बटण लाकडात अडकतं आणि नवशिका उगाच हिसके देत बसतो.

नवा दस्ता बसवताना खरी गंमत नळीपाशी सुरू होते. मूळ नळी पुढे निमुळती होत जाते. नेमबाजीसाठी जी जाड नळी घेतात ती मात्र शेवटपर्यंत साडेतेवीस मिलिमीटरची. जुन्या खाचेत ती मावत नाही. मग गोल दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळून खाच घासत बसायचं आणि अधूनमधून नळी ठेवून बघायची. नळीखालून कागदाची पट्टी अडखळल्याशिवाय सरकली, की जमलं.

एवढी फट कशाला? गोळी नळीतून दोनेक मिलिसेकंदांत बाहेर पडते, पण तेवढ्यात नळी थरथरते. थरथर दर वेळी सारखीच असेल तर बिघडत नाही. तानपुऱ्याच्या तारेखालचा जीवारीचा दोरा केसभर सरकला की सूर बदलतो. तसंच लाकूड नळीला आज इथे, उद्या तिथे टेकलं की थरथर बदलते. आणि लाकूड टेकतंच. अक्रोडाचं ओलं लाकूड पूर्ण सुकताना वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ८ टक्के आटतं, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे हवेतल्या ओलीचा सगळा खेळ दस्त्याच्या जाडी-रुंदीत. पातळ पापुद्रे राळेने चिकटवलेल्या दस्त्यात प्रत्येक पापुद्रा शेजाऱ्याला आवरतो, म्हणून तो कमी हलतो. पॉलिमरच्या दस्त्याला ओलीची फिकीर नाही, पण स्वस्तातला असेल तर तो हाताच्या दाबानेही वाकतो.

‘नळी मोकळी सोडा’ हा मंत्र मात्र मला सरसकट पटत नाही. १०/२२ ची नळी अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला दोन स्क्रूंनी आवळलेली असते. तिच्या जागी जड नळी लावून पुढचं टोक अधांतरी ठेवलं तर सांगाड्यावर ताण येतो. म्हणून काही जण सांगाड्याजवळच्या थोड्याशा भागाखाली इपॉक्सी भरून नळीला पक्की बैठक देतात. त्याआधी पोलादाला मेण किंवा चक्क बुटाचं पॉलिश लावायचं, नाहीतर रायफल आणि दस्ता यांचा जन्माचा संसार!

हा खटाटोप केवढ्यासाठी, ते आकड्यात बघा. नळी एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकी कलली तरी ५० मीटरवर गोळी जवळजवळ ९ मिलिमीटर सरकते. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच अंतरावर, थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतली रायफल अर्धस्वयंचलित नसते, एकेक गोळी हाताने भरावी लागते. पण काडतूस हेच, पॉइंट टू-टू रिमफायर. त्या गटात आता अॅल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा पॉलिशपेपर हाती घ्यायचाच असेल, तर तो फुगलेल्या दारासाठी घ्या.