पानझडी रानातली हजेरी

मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या रानात शिरलं की साग उघडा उभा दिसतो. वाळल्या पानांचा खच इतका, की पाऊल टाकताच पापड मोडावा तसा आवाज होतो. अशा रानात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन दोरीनं आखायचा, आतलं प्रत्येक झाड ओळखायचं आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर त्याचा घेर मोजायचा. जंगल सावरतंय की खंगतंय, हे सांगणाऱ्या संशोधनाची सुरुवात अशी टेपनं होते.

अडचण ओळखण्यात आहे. पुस्तकं पानाफुलांवरून ओळख सांगतात आणि इथे फांदीवर पानच नाही. मग सालच वाचावी लागते. धावड्याची पांढुरकी, गुळगुळीत. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी. तेंदूची कोळशासारखी काळी, चौकटी पडलेली. सालईची कागदासारखी सुटणारी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे जमायला एखादा हंगाम जातो. धावड्याचा डिंक, मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचत मोठ्या झालेल्या, कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) माणसाला ते चालता चालता दिसतं. अशा माणसाला काम मिळतं ते बहुधा काही आठवड्यांचं, रोजंदारीवर.

कामं हंगामी असायला कारण आहे. झाडांचा स्वभावच तसा आहे. मोहाचं बी जूनच्या सुमारास गळतं आणि साठवलं तर लवकरच मरतं. ते ताजंच पेरायला हवं. सागाचं उलटं. त्याचं कवच इतकं टणक, की बी आळीपाळीनं भिजवून उन्हात वाळवावं लागतं. तरीही ते एकदम रुजत नाही, हप्त्यानं कर्ज फेडावं तसं थोडं थोडं उगवतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, म्हणून आग अडवणाऱ्या जाळरेषा त्याआधीच साफ हव्यात. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची सवय आहे, आणि त्यातली एखादी ठिणगी वर्षभराची रोपं खाऊन टाकते.

सगळ्यात नाजूक काम पावसाळ्यातलं. कुरणं पुन्हा उभी करताना तरोटा आणि रानतुळस फुलून बी धरायच्या आत उपटावी लागते. (कोवळ्या तरोट्याची भाजी चवदार लागते, पण सगळा तरोटा भाजीत संपेल, अशी आशा कुणी धरू नये.) बी झडलं, की त्या वर्षीची मजुरी मातीत गेली. नेमकं त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जिल्हाभर कपाशीची निंदणी चालते आणि तेच हात दोन ठिकाणी लागतात. संशोधनाच्या अंदाजपत्रकात या ओढाताणीसाठी रकाना असायला हवा, असं मला वाटतं.

आता मोजणी. लावलेली रोपं किती जगली, हे पावसाळ्यानंतर मोजलं, तर आकडा छान येतो. खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पानझडी रानातलं बाळरोप मे महिन्यात जमिनीपर्यंत वाळून जातं. वरून मेलेलंच. पण मूळ जिवंत असतं आणि पावसानंतर त्यातून नवा कोंब फुटतो. असं वर्षानुवर्षं चालतं. मूळ पुरेसं जाड झालं, की एका वर्षी खोड वर राहतं. मे महिन्यात नव्या माणसाच्या हाती वही दिली, तर तो प्रामाणिकपणे ‘मृत’ लिहील. गेल्या वर्षी ते रोप कुठल्या दगडाच्या कडेला होतं, हे आठवणारा माणूस जुलैत परत यायला हवा.

अशा स्थानिक माणसाला कायमचं काम देता येतं, याचं उदाहरण आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकामध्ये डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवाक्स यांनी १९८०च्या दशकात ग्वानाकास्तेचं उद्ध्वस्त कोरडं रान परत आणायला घेतलं. तिथे लावणीपेक्षा आग थांबवण्यावर भर होता. आफ्रिकेतून आणलेलं, झपाट्यानं पेटणारं गवत हा तिथला मुख्य शत्रू. १९८९मध्ये त्यांनी आसपासच्या गावातल्या लोकांना कीटक-वनस्पती गोळा करून त्यांची नोंद ठेवायचं शिक्षण दिलं आणि ते काम त्यांच्यासाठी पूर्णवेळ नोकरीचं केलं. आपल्याकडे तमिळनाडूतल्या मुदुमलाईत १९८८मध्ये आखलेला ५० हेक्टरांचा कायमचा तुकडा आहे. साग, ऐन, धावडा ही आपल्याच ओळखीची झाडं तिथे प्रत्येकाला दिलेल्या त्याच क्रमांकानिशी पुन्हा पुन्हा मोजली जातात.

यवतमाळात सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो कधी सुरू होईल, यावर सगळं अवलंबून. मोहाचं बी गळायला लागतं, वाळलेल्या रोपांतून कोंब फुटायला लागतात, मोजणीची वही उघडायची वेळ होते. नेमक्या त्याच आठवड्यात शेतात कपाशीची टोबणी सुरू होते, आणि पोडावरचा माणूस सकाळी कुठल्या वाटेला वळेल, हे त्या दिवशीच्या मजुरीवर ठरतं.