सरचू ते पांग : सायकलवरचा सर्वांत लांब दिवस

मनाली ते लेह हे जुन्या रोहतांग मार्गाने सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचं अंतर. हल्ली पुण्या-मुंबईचे, नाशिकचे सायकलस्वार दर उन्हाळ्यात तिकडे निघतात आणि परतल्यावर खारदुंगला खिंडीच्या फोटोंनी सगळ्यांना भंडावून सोडतात. माझ्या मते खरी परीक्षा तिथं नसते. ती असते अधल्यामधल्या एका दिवशी, सरचूहून पांगला जाताना. पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, दोन खिंडी आणि मध्ये गाव एकही नाही.

सरचू म्हणजे हिमाचल-लडाखच्या सीमेवरचं मोकळं पठार, उंची सुमारे 4,290 मीटर. कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. सकाळी सहाला निघावं. रात्री बाटलीतलं पाणी गोठलेलं असलं तरी. सुरुवातीचे वीसेक किलोमीटर त्सारप नदीच्या काठाने सोपे जातात, आणि तिथंच माणूस फसतो. पाय हलके वाटतात, वेग वाढतो, आणि पुढे लागतात गाटा लूप्स.

एकवीस वळणं. चढ तसा मवाळ, साधारण पाच टक्क्यांचा. आपल्या घाटांत याहून खडे टप्पे आहेत. पण पाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढाच कमी, म्हणून पाय भरून येण्याआधी धाप लागते. सर्वांत हलका गियर टाकावा, सोबत्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढ्याच गतीने चालवावं. वळणं तोडून वर जाणाऱ्या पायवाटा दिसतात. त्यांवरून सायकल ढकलण्याच्या फंदात पडू नये.

लूप्सवर एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी मागे राहिलेला आजारी क्लीनर थंडीने, तहानेने गेला आणि त्याचं भूत पाणी मागतं, अशी कथा. भुताचं मी सांगू शकत नाही, पण थकवा, थंडी, तहान आणि उंचीचा आजार ही यादी इथं अगदी बरोबर आहे. दिवसाला चार लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि ते सरचूहूनच भरून न्यायचं.

लूप्स संपल्यावर पहिली खिंड, नकी ला, सुमारे 4,740 मीटर. मग थोडा उतार, व्हिस्की नाला (नावापुरताच!), आणि पुन्हा चढ लाचुलुंग लाकडे, पाच हजारांच्या वर. दुपारनंतर इथं समोरून वारा सुटतो आणि बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा चारला गुडघ्याला लागतो. म्हणून दुपारी एकच्या आत खिंड ओलांडलेली बरी. माथ्यावर पताकांपाशी फोटो काढा, पण घामाने भिजलेल्या अंगाने उतरू नका. आधी विंडचीटर चढवा.

पुढचा उतार मात्र अप्रतिम. कांगला जलच्या घळीत वाऱ्या-पाण्याने कोरलेले मातीचे सुळके आणि कमानी उभ्या आहेत. रस्त्याचं काम सीमा सडक संघटनेचा ‘हिमांक’ प्रकल्प पाहतो. तरी खडी आणि धूळ गृहीत धरा. ब्रेकचे पॅड, दोन ट्यूब, चेनची कडी जवळच हवी. या पट्ट्यात सायकलचं दुकान शोधू नका.

संध्याकाळी पांग, सुमारे 4,600 मीटर. लडाखी बायका चालवतात ते तंबूवजा ढाबे, गरम राजमा-चावल, अंडी, मॅगी. शेजारी लष्कराचा तळ.

एक गोष्ट नकाशा पाहताना लक्षात येत नाही. सरचू आणि पांग ही दोन्ही मुक्कामाची ठिकाणं खिंडींच्या मध्ये अडकलेली आहेत. सरचूहून केलाँगला उतरायचं तरी 4,890 मीटरचा बारालाचा ला आडवा येतो. उंचीच्या आजारावर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय, आणि इथं खाली जायलाही आधी वर चढावं लागतं. म्हणून सरचूच्या तंबूत रात्री डोकं ठणकत असेल, उलटी होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका आणि सायकलवर तर बसूच नका. मिळेल ती गाडी पकडून केलाँग गाठा. पांगचा रस्ता पुढच्या सप्टेंबरातही तिथंच असेल.