दोघांत एकच रजई, वजन सव्वा किलोच्या आत: सातपुड्यातल्या थंडीसाठी ट्रेकिंगची गोधडी घरीच कशी शिवायची?

डिसेंबर उजाडला की नंदुरबारची एक बातमी दरवर्षी आपल्या फोनवर येतेच. सातपुड्यात दवबिंदू गोठले! अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, मोलगी भागातले गवतावरच्या बर्फाचे फोटो व्हायरल होतात आणि आपण लगेच मित्राला टॅग करतो, "चल, तोरणमाळ करू."

प्लॅन ठरतो, टेंटही मिळतो. पण पाठीवर पांघरूण काय न्यायचं, इथे गाडी अडते. घरची गोधडी उबदार असते, पण सहज तीन-चार किलोची भरते. बाजारातल्या साध्या स्लिपिंग बॅगा एक ते दीड किलोच्या असतात, म्हणजे दोघांच्या मिळून दोन ते तीन किलो. हलक्या बॅगा मिळतात, पण त्यांची किंमत बघून ट्रेकच रद्द करावासा वाटतो.

यावर एक उपाय आहे. दोघांसाठी मिळून एकच हलकी रजई शिवायची. घरी शिलाई मशीन असेल तर दोन दिवसांत होणारं काम आहे.

ही आयडिया आली कुठून?

अमेरिकेतले गिर्यारोहक रे जार्डिन आणि त्यांची पत्नी जेनी यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही ४,२०० किलोमीटरपेक्षा लांब वाट चालताना दोघांत एकच, स्वतः शिवलेली रजई वापरली. १९९० च्या दशकात त्यांच्या पुस्तकांमुळे ही पद्धत जगभरच्या ट्रेकर्सपर्यंत पोचली.

यामागचं विज्ञान सोपं आहे. ऊब कापसात किंवा फायबरमध्ये नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. स्लिपिंग बॅगमध्ये आपण झोपतो तेव्हा पाठीखालचा थर दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग जवळपास निकामी होतो. मग तो उचलून न्यायचाच कशाला? खालून मॅट, वरून रजई. शिवाय दोघं शेजारी झोपले की एकमेकांच्या अंगाची ऊब मिळते, ती वेगळीच.

मग आजीची गोधडी का नको?

गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर आणि त्यावर जवळजवळ घातलेला धावदोरा. ती वर्षानुवर्षं टिकते. पण थर घट्ट बसल्यामुळे हवेला जागा कमी उरते आणि वजन वाढतं. दुसरं म्हणजे, सुती धागा ओल धरतो. कोरड्या दिसणाऱ्या सुती कापडातही ७-८ टक्के ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. पहाटेच्या दवात भिजलेली गोधडी जड होते, गार पडते आणि डोंगरावर लवकर वाळतही नाही. रात्रभर ओलं पांघरूण अंगावर राहिलं तर शरीराचं तापमान घसरू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

सामान काय लागेल?

• नायलॉन किंवा पॉलिस्टरचं पातळ रिपस्टॉप कापड, ९ मीटर (पन्हा १५० सेंटिमीटर, वजन चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम). रेनकोटचं कोटिंगवालं कापड घेऊ नका, त्यात घाम अडकतो. तोंड लावून फुंकून बघा, थोडी हवा आरपार गेली पाहिजे.
• पॉलिस्टर वॅडिंग, २०० जीएसएम, सव्वाचार मीटर (पन्हा तोच).
• पॉलिस्टर दोरा, ११ नंबरची सुई, नाडी.

नंदुरबारकरांना एक फायदा आहे. सिंथेटिक कापडाचं मोठं केंद्र असलेलं सुरत आपल्याच रेल्वेमार्गावर आहे.

माप आणि वजन

डोक्याकडे रुंदी २१० सेंटिमीटर, पायाकडे १५०, लांबी २००. उंच माणसांनी लांबी वाढवावी. शिवणीसाठी सगळीकडून दोन सेंटिमीटर जास्त धरा.

याचं क्षेत्रफळ होतं ३.६ चौरस मीटर. कापडाचे दोन थर २८८ ग्रॅम, वॅडिंग ७२० ग्रॅम. झालर, पायाचा खिसा, नाडी धरून एकूण साधारण १,१०० ग्रॅम. म्हणजे माणशी जेमतेम साडेपाचशे ग्रॅम!

शिवायचं कसं?

१. पन्हा कमी पडतो, म्हणून कापडाचे दोन तुकडे मधोमध जोडून वरचा आणि आतला थर तयार करा. वॅडिंगचे तुकडे कडेला कड लावून हाताने सैल टाक्यांनी जोडा, एकावर एक चढवू नका.

२. उरलेल्या कापडातून २५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब अशा दोन झालरी कापा. पायाच्या खिशासाठी ५० सेंटिमीटर उंच पट्टा कापा, त्याची रुंदी रजईच्या पायाकडच्या भागाइतकी ठेवा.

३. जमिनीवर आधी वॅडिंग पसरा. त्यावर वरचं कापड सुलट बाजू वर करून, त्यावर आतलं कापड सुलट बाजू खाली करून ठेवा. या दोन कापडांच्या मध्ये पायाकडे खिसा आणि त्याच्या वर दोन्ही बाजूंना झालरी, कडा जुळवून ठेवा.

४. टाचण्यांनी पातळ कापडाला भोकं पडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. डोक्याकडची बाजू सोडून तिन्ही बाजू शिवा आणि उशीच्या अभ्र्यासारखं उलटं करा. वॅडिंग आपोआप आत जातं.

५. डोक्याकडची कड आत दुमडून नेफा करा आणि नाडी ओवा.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं. वॅडिंग सरकू नये म्हणून दर २०-२५ सेंटिमीटरवर हाताने एकेक टाका घाला, पण सैल. गोधडीसारखा धावदोरा घातलात तर प्रत्येक रेषेवर वॅडिंग दबेल आणि तिथूनच थंडी शिरेल.

वापरताना काय लक्षात ठेवायचं?

झालर अंगाखाली खोचायची, म्हणजे कूस बदलली तरी वारा आत येत नाही. दोन मॅटमध्ये फट राहू नये म्हणून त्या पट्ट्याने बांधा. दोघांच्या मानेमधल्या जागेतून हवा शिरते, तिथे मफलर ठेवा. कानटोपी हवीच, कारण रजई डोकं झाकत नाही.

पॉलिस्टर ठिणगीने वितळतं, म्हणून रजई शेकोटीपासून लांब. आणि बंद टेंटमध्ये निखारे तर कधीच नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो.

तोटे नाहीत का?

आहेत. एकजण रात्री उठला की दुसऱ्याची झोप मोडते. वाटेत दोघांची चुकामूक झाली, तर एकाकडे पांघरूणच नसतं. त्यामुळे दोघं कायम सोबत चालणार असाल तरच हा प्रकार निवडा.

एक गोष्ट मात्र नक्की करा. थेट डोंगरावर नेण्याआधी थंडीच्या एका रात्री गच्चीवर दोघं या रजईत झोपून बघा. थंडी वाजली तर जिना उतरून घरात जाता येतं. तोरणमाळच्या पठारावर पहाटे चार वाजता तो पर्याय नसतो.