काचपेटीतला दांडगोबा

दिवाणखान्यात रंगीत माशांची काचपेटी असावी ही हौस पुष्कळ घरांत असते. माशांच्या दुकानात गेले की मुले ज्या काचेपाशी अडून बसतात, तिथे बहुधा ऑस्करची पिल्ले असतात. दीड-दोन इंचांची, काळसर अंगावर नारिंगी-पांढरी नक्षी, टुकुटुकु बघणारी. दुकानदार पिशवीत घालून देतो, बाबा पैसे देतात, आणि पुढची दहा-बारा वर्षे पाणी मात्र आई बदलते! तेव्हा हा पाहुणा कोण, ते गृहिणीनेच आधी समजून घेतलेले बरे.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तो लहान मासे, कोळंब्या, किडे खाऊन राहतो. आपल्या घरी आला म्हणून काही माळकरी होत नाही. तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. गप्पी किंवा टेट्रा सोबतीला सोडलेत तर सकाळी मोजायला एकही उरणार नाही. वर्षभरात तो दहा-बारा इंचांचा होतो. मग रोपे उपटतो, खडे तोंडाने इकडचे तिकडे करतो, हीटरलासुद्धा धडका देतो. म्हणून पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची सगळी बटणे बंद हवीत. झाकणही घट्ट हवे, कारण तो उडी मारतो. पण लळाही लावतो हो! खाऊ घालणारे माणूस ओळखतो, जवळ गेले की काचेशी येतो, आणि जागा बदलली की आडवा पडून चक्क रुसतो.

एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच पेटी लागते. तिच्यात सुमारे ३०० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ३०० किलो. शोकेसवर किंवा जुन्या टेबलावर ती ठेवण्याचा विचारही नको. भक्कम लोखंडी स्टँडच हवा.

नवी पेटी भरली आणि मासा सोडला, असे चालत नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याला पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या विरजणासारखेच हे. आणि आपली स्वच्छतेची सवय इथे नडते. स्पंज नळाखाली साबणाने घासून लख्ख केला की विरजणच गेले! पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. हिशेब केलात तर पंधरा लिटरच्या पाच बादल्या होतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जावे म्हणून ते एक दिवस आधी भरून उघडे ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे औषध घालावे. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हे कसे जमणार, ते आधीच ठरवा. काढलेले पाणी फुकट जात नाही. त्यात औषध किंवा मीठ घातलेले नसेल तर कुंड्यांना ते उत्तम खत.

खायला तयार गोळ्या, अधूनमधून सोललेली कोळंबी. आठवड्यातून एक उपास घडला तर काही बिघडत नाही. मुलांना मजा वाटते म्हणून जिवंत गोल्डफिश घालू नयेत. त्यांच्याबरोबर रोग येतात, शिवाय त्यांच्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. मटणाची चरबीही त्याला पचत नाही.

आता शेवटचे. मासा डोईजड झाला म्हणून कुणी तलावात, नदीत सोडून येतात आणि जीवदान दिल्याचे समाधान मानतात. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या कालव्यांत असेच बाहेरून आलेले ऑस्कर आज कायमचे वस्ती करून आहेत, आणि तिथल्या मूळच्या माशांच्या घासात वाटेकरी झाले आहेत. घेतानाच दुकानदाराला विचारावे, ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ तो नाही म्हणाला तर मोठी पेटी असलेला एखादा हौशी आधी शोधून ठेवावा, आणि मगच पिशवी हातात घ्यावी.