कानस, डाख आणि हलाल रोजी

वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला की एखादा मुलगा मान खाली घालून ‘बिझनेस’ म्हणतो. तो मोमिनपुऱ्यातला असतो आणि अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान असते, हे आम्हाला नंतर कळते. अशा वेळी आम्ही एर्नेस्तो कोलनागो यांची हकिकत सांगतो.

इटलीत मिलान शहराजवळच्या काम्बियागो गावी १९३२ साली त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. कोवळ्या वयातच ते सायकलच्या कारखान्यात वेल्डिंग शिकू लागले. शर्यतीही खेळत. एका शर्यतीत पाय मोडला, तेव्हा घरी बसून कारखान्याची चाके जोडून देऊ लागले. पुढे गावातच लहानसे दुकान थाटले.

शर्यतीच्या सायकलची पोलादी फ्रेम हाताने बनवायची, तर आधी शिंप्यासारखी स्वाराची मापे घ्यावी लागतात. नळीचे टोक कानशीने असे घासायचे की दुसऱ्या नळीच्या गोलाईवर ते फट न ठेवता बसावे. सांध्यावर पोलादी खोबण, आणि आत पितळेचा किंवा चांदीचा डाख. ज्योत जास्त झाली तर पातळ नळी कमजोर होते. कमी पडली तर डाख आत उतरतच नाही. रंग दिल्यावर यातले काहीच दिसत नाही. घाटाच्या उतारावर स्वाराचा जीव मात्र त्याच सांध्यांवर असतो.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एडी मर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. ती सायकल कोलनागोंनी घडवलेली होती. वजन सहा किलोहून कमी! त्यासाठी साखळीच्या कड्यांनाही भोके पाडली होती.

हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्यास सांगितले, हे कुरआनात आहे. ते स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीस सांगते. तरीही आपल्याच घरांत ‘शिकलेला मुलगा पाना कसा धरणार?’ असे विचारले जाते. आयटीआयचा वेल्डर ट्रेड म्हणजे नापासांची जागा, असे आपण ठरवून टाकले आहे.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. म्हणजे स्वार आपल्याकडे आहेत.

यंदा ही हकिकत ऐकून त्याच ‘बिझनेस’वाल्या मुलाने विचारले, “पितळेचा डाख कसा देतात?” आम्ही म्हटले, “अब्बांना विचार. तडकलेल्या फ्रेमला ते रोज देतात.”