टाकलेल्या डब्यातून उठलेले चेहरे

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शाळेतील कार्यानुभवाचा जुना धडा. त्यातून घरोघरी फुलदाण्या होतात, तोरणे होतात. पण फेकलेल्या वस्तूतून पुसली गेलेली ओळखही परत उभी करता येते, हे आफ्रिकेतील एका कलावंताने दाखवून दिले. त्याची हकिकत पारगावच्या घराघरांत सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

रोमुआल्ड हाझूमे हे पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाचे, जन्म १९६२ चा. त्यांच्या देशात शेजारच्या नायजेरियातून चोरटे पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमधून येते. जास्त मावावे म्हणून कॅन विस्तवावर धरून फुगवतात. फुटेपर्यंत राबवायचा आणि मग फेकून द्यायचा! हाझूमे यांना त्यात गुलाम दिसला. त्यांनी कॅन कापले. कॅनचे तोंड ते माणसाचे तोंड, धरायची मूठ ते नाक. असे ३०४ मुखवटे त्यांनी गुलाम वाहणाऱ्या जुन्या जहाजाच्या आकारात मांडले. इंग्रजांच्या गुलाम-व्यापारबंदीच्या कायद्याला (१८०७) दोनशे वर्षे झाली, त्या २००७ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ही कलाकृती आपल्या संग्रही घेतली.

ही कथा आपणांस परकी नाही. आफ्रिकेची माणसे अरबी समुद्र ओलांडून आपल्या मुलखातही विकली गेली. इथिओपियात जन्मलेला, बाजारोबाजार विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याच्या काळी काही वर्षे राजधानी होती ती आपल्या जुन्नरला! कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत आजही सिद्दी बांधव राहतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवतात. शिवणारीचा हात गोधडीवरून ओळखू येतो. तीही टाकलेल्यातून घडवलेली ओळखच.

आपल्या वाडवडिलांना टाकाऊ वस्तू कुणी दिल्या? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांस प्रेताची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली. ती स्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळण्यात आली. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिले. नाते जुने आहे.

मग आपल्या घरात काय चालते? गॅदरिंगमध्ये तोंडाला काजळ फासून ‘आफ्रिकन नाच’ होतो आणि आपण टाळ्या वाजवतो. वधू पाहिजेच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आपणही लिहितो. सावळ्या लेकीला तिच्या रंगावरून हाक मारतो. जातीचा अपमान ज्यांना कळतो, त्यांना रंगाचा अपमान कळू नये काय?

म्हणून माताभगिनींना आमची विनंती. सुटीत विहारात मुलांना एकत्र बसवा. तेलाचा रिकामा डबा, कांद्याच्या गोणीचा तुकडा, तुटकी चप्पल, सुतळी जमवा. औषध फवारणीचे डबे मात्र घेऊ नका. धुतले तरी विष राहते. प्लास्टिक जाळू-वितळवू नका आणि कापण्याचे काम मोठ्यांनी करावे. आफ्रिकेची नक्कल करू नका. मुलाने आपल्या आजीचा, पणज्याचा चेहरा करावा. त्यांनी कोणते काम केले, काय सोसले, काय नाकारले, हे घरी विचारून यावे आणि मुखवट्याखाली त्यांचे नाव लिहावे.

नाव आठवले नाही, तर मुलांना सांगा की गुलामाचे पहिले हिरावले जाते ते नावच. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन ते शोधून आणा. ती माणसे आहेत तोवरच हे काम होईल.

जय भीम!