डायमंड म्हणजे नक्की कोणता?

लग्नसराई आली की अलोऱ्याहून चिपळूणच्या बाजारात फेऱ्या सुरू होतात. मंगळसूत्राच्या वाटीतला चमकता खडा दाखवून दुकानदार म्हणतो, "ताई, डायमंड आहे." आपण लगेच विचारायचं, "कोणता?" कारण या एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिला, खाणीतला हिरा. आपल्या पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, पण हिरा तयार होतो तो त्याहून कितीतरी खोल, जमिनीखाली सुमारे १५० किलोमीटरवर. तिथल्या प्रचंड दाबाने आणि उष्णतेने कार्बनचा हिरा बनतो.

दुसरा, प्रयोगशाळेतला हिरा. सुरतेत तो यंत्रात काही आठवड्यांत वाढवतात. तोही कार्बनचाच आणि तेवढाच कठीण, म्हणून त्याला नकली म्हणता येत नाही. मात्र तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा खूप स्वस्त असतो.

तिसरा, अमेरिकन डायमंड. नाव मोठं, पण तो हिरा नाहीच, झिर्कोनियाचा खडा आहे. वापरून त्यावर चरे पडतात, तेज कमी होतं. हौसेला जरूर घ्या, पण हिऱ्याच्या भावाने नको.

घरी ओळखता येईल का? खड्यावर तोंडाची वाफ सोडा. हिरा उष्णता झटकन पसरवतो, म्हणून वाफ लगेच उडते. काचेवर किंवा झिर्कोनियावर ती जरा रेंगाळते. पण हा नुसता अंदाज. खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा यांतला फरक तर सोनारालाही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्याला यंत्रच लागतं. आणि हातोडी मारून मुळीच पाहू नका. खरा हिराही फुटतो!

आणखी एक. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नाही. अडीअडचणीला दागिना गहाण ठेवायला गेलात, तर बँक खड्यांचं वजन वजा करते आणि फक्त सोन्यावर कर्ज देते. म्हणून पक्क्या पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन आणि खडा कोणता. सोन्याचा कॅरट शुद्धता दाखवतो, हिऱ्याचा कॅरट वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. हिरा म्हणून देत असेल तर प्रमाणपत्रही मागा.

लिहून द्यायला दुकानदार टाळाटाळ करतोय? मग पिशवी उचला आणि पुढच्या दुकानात चला.